गयते म्हंजे हाय

खोली बघायला म्हणून मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा घरमालक अंगणात आडवे झाले होते. गालाखाली वर्तमानपत्र, एक डोळा मिटलेला आणि दुसरा गाडीच्या पोटाखाली लागलेला. मी दोनदा खाकरले. मग ते तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "खोलीसाठी आल्या ना? वर जाऊन पाहून घ्या. हवेशीर हाय, नळाले पानी हाय, आन् गयत नाही."

"काय नाही?"

"गयत नाही," ते उठून बसले आणि गाडीच्या टायरवर थाप मारून म्हणाले, "गयते थे फक्त हे."

मी पुण्याची. मराठी म्हणजे आपण बोलतो ती, बाकीचे लोक तिचे आपापल्या परीने हाल करतात, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती. अमरावतीच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून आले होते. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, केळीची केयी होते आणि काळ्याचा काया, हे कळायला मला बरेच दिवस गेले. गळते म्हणजे गयते, हे कळल्यावर मात्र त्या घरातलं बाकी सगळं आपोआप उलगडलं, कारण त्या घरात बोलणं बहुतेक त्याबद्दलच असायचं.

काका वकील होते. जिल्हा कोर्टात त्यांनी जन्मभर वकिली केली आणि आता ती सोडली असली तरी काळा कोट खुंटीवर तयार असे. कोर्टात म्हणे ते असं शुद्ध बोलत की समोरच्या पक्षकाराला आपण कशाबद्दल भांडतोय तेच कळेनासं व्हायचं. घरी आले की कोटाबरोबर ती भाषाही खुंटीवर जायची. गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या कपाटात गठ्ठ्याने पडून होत्या. त्यातली एक काढून ते रोज सकाळी इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी पुसत. "पट्टीनं पट्टी पुसा लागते," असं म्हणत, आणि दर वेळी स्वतःच हसत.

वकिलीची एक सवय मात्र अंगात पार मुरली होती. कुठलीही गोष्ट पहिल्या सुनावणीत निकाली काढायची नाही. काकूंनी विचारलं, भाजी कोणती करू, की हे म्हणत, "दुपारची तारीख दे." घराला रंग द्यायचा की नाही हा मामला मी यायच्या आधीपासून चालू होता आणि मी अमरावती सोडली तेव्हाही चालूच होता. काकूंनी या सगळ्यावर एक उपाय शोधला होता. त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता वांगी चिरायला घ्यायच्या.

सगळ्यांत जुना खटला गाडीचा. गाडी एके काळी पांढरी होती. गिअर स्टेअरिंगच्या बाजूला, दारं बंद होताना तिजोरीसारखा आवाज. संध्याकाळी काका इंजिनाखाली पुठ्ठा सरकवत आणि सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो बाहेर ओढत. रात्रभरात पडलेल्या डागाचं माप ते खाण्याच्या पदार्थांत सांगायचे. "आज लिंबाएवढा हाय." "आज पुरी झाली." भाकरीएवढा झाला की मिस्त्रीकडे जायचं, असा नियम होता. काकू कपाळाला हात लावत. "या मानसापायी मले पुरी खावाशी वाटत नाही," असं त्यांनी मला सांगितलं, पण सांगताना पुऱ्याच लाटत होत्या.

पुठ्ठा चुकवून एखादा थेंब फरशीवर जायचाच. तो डाग निघेना, तेव्हा काकूंनी त्याच्याभोवती रांगोळी काढायला सुरुवात केली. डाग मधे, भोवती पाकळ्या. शेजारच्या बायकांना वाटायचं, काकूंना काळी रांगोळी फार सुंदर जमते.

एका सकाळी पुठ्ठा कोरा निघाला. काकूंनी देवाला साखर ठेवली. मीही वरून ओरडले, "काका, अभिनंदन!" काकांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. कोरडी ठणठणीत. आदल्या दिवशी बाजारातून येताना सगळं ऑइल वाटेतच सांडलं होतं.

डब्यातलं ऑइल ओतता ओतता त्यांनी मला समजावलं. "ध्यानात ठेवा म्याडम. गयते म्हंजे हाय. गयनं बंद झालं का घाबराचं."

मिस्त्रीने आपला निकाल केव्हाच सांगून ठेवला होता. एक तर इंजिन उतरवून पूर्ण उघडायचं, ज्याचे सुटे भाग मिळतील न मिळतील. नाहीतर गाडी मोडीत द्यायची. काकांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि पुढची तारीख दिली.

तोपर्यंत कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग एका उन्हाळ्यात, ऐन दुपारी, दर्यापूरच्या अलीकडे गाडीने धूर सोडला. काका-काकू दोघंच होते. रस्त्यावर सावलीला एक कडुनिंब आणि पाण्याची अर्धी बाटली. शेवटी एका एसटीवाल्याने थांबून त्यांना आत घेतलं. काकूंना हा प्रसंग फार आवडला होता. पोरगी इंदूरला दिली होती, तिला त्यांनी फोनवर तो अगदी रंगवून सांगितला. धूर कसा काळा होता, काका कसे टॉवेल हलवत होते, झाडाखाली बसून आपण अख्खा डबा कसा फस्त केला. पलीकडे पोरगी घाबरत चालली होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचा रोज फोन. बाबा, गाडी विकून टाका. बाबा, भाड्याची गाडी करा. बाबा, तुमचं वय काय आहे.

काका म्हणायचे, "विचार करून राह्यलो, बेटा." म्हणजे तारीख.

मलाही तेव्हा पोरीचंच म्हणणं पटत होतं आणि ते मी काकांना सांगितलंही. एवढा शिकलेला माणूस, पैशाची ददात नाही, आणि एका गळक्या डब्यासाठी बायकोला उन्हात बसवतो, याचा मला रागच आला होता. काकांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्याडम, गाडी माही असती तं इकली असती. गाडी आक्काची हाय. मी फक्त डायवर."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. अकोटला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. लग्न केलं नाही. स्वतःच्या कमाईतून त्यांनी ही गाडी घेतली आणि चालवायला शिकल्या त्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात. कापसाचा हंगाम संपला की ते भलंमोठं आवार मोकळं पडायचं. तिथे पातळाचा पदर खोचून आक्का गोल गोल फिरायच्या आणि वकील झालेला धाकटा भाऊ मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचा. पुढे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी किल्ली भावाच्या हातात दिली आणि सांगितलं, गाडी तुझ्याकडे राहू दे, पण दर रविवारी मला फिरवून आणायचं. तेव्हापासून दर रविवारी काका अकोटला जात. आक्कांना पुढच्या सीटवर बसवत, जिनिंगच्या आवारात एक चक्कर मारत, घरी आणून सोडत. बस, एवढंच.

आता आक्कांना गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. सोबतीला एक बाई ठेवली होती, तिचं नाव त्या रोज नव्याने विचारत.

त्या धुराच्या प्रसंगानंतर गाडी मिस्त्रीकडे होती आणि रविवार आला. काकांनी भाड्याची गाडी केली. नवी कोरी, थंडगार हवेची. संध्याकाळी परत आले ते जिन्याच्या पायरीवरच बसले. मी कॉलेजचे पेपर घेऊन खाली येत होते, मला म्हणाले, "बसा."

"आक्का काय म्हणाल्या?"

"फाटक उघडलं नाही. मंग त्या बाईनं उघडलं. आक्कानं मले पानी देल्लं. म्हने, काय काम हाय तुमचं? मी म्हटलं, आक्का, मी. तं म्हने, कोर्टाचं काम असीन तं माह्या भावाले भेटा. रविवारी येते तो. लय हुशार वकील हाय." काका हसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "माही तारीफ मी तिच्या तोंडून कदी आयकली नव्हती बाप्पा."

त्याच्या पुढच्या रविवारी गाडी आली होती. कोपऱ्यावर इंजिनाचा आवाज झाला तशा आक्का पिशवी घेऊन फाटकात उभ्या. "उशीर केला," म्हणाल्या आणि पुढचं दार उघडून बसल्या. हे काकांनी मला सांगितलं तेव्हा मी जे समजायचं ते समजले आणि त्यानंतर गाडीविरुद्ध एक अक्षर बोलले नाही. पोरीला मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. आत्या सख्ख्या भावालाही ओळखत नाही, हे तिला फोनवर कसं सांगायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याला त्यांनी नेहमीप्रमाणे तारीख दिली होती.

अशात जावयांचा फोन आला. जावई इंदूरचे, हिंदी बोलणारे, माणूस सज्जन. फोनमध्ये खरखर. काका अंगणात उभं राहून ओरडून बोलत होते, त्यामुळे मला वर सगळं ऐकू येत होतं. जावयांनी गाडीचं विचारलं असावं.

"गाडी? गाडी तो गयती हय, जी!" काका म्हणाले. थोडं थांबून, "हाँ हाँ, गयती!" आणि मग, "कब से क्या, बहुत दिन से!"

फोन ठेवून ते खुशीत काकूंना म्हणाले, "जावई म्हनते, बहुत अच्छा हुआ. समजदार पोट्टं हाय. पोरीपरीस त्यालेच कयते."

तासाभरात पोरीचा फोन. ती रडत होती, पण आनंदाने. बाबा, किती बरं केलंत. मला कळू पण दिलं नाही. इतक्या दिवसांनी आज मी शांत झोपेन. काकांना आधी काही समजेना. मग हळूहळू समजलं. जावयांनी 'गयती' ऐकलं नव्हतं, 'गई' ऐकलं होतं. गाडी गेली. केव्हाचीच गेली.

"आता सांगा तिले खरं," काकू म्हणाल्या.

"कावून सांगू? समोरच्या पक्षानं आपल्या फायद्याची चूक केली तं वकील थे दुरुस्त नाही करत."

"ते समोरचा पक्ष नोहे. पोरगी हाय तुमची."

काका गळ्याची पट्टी हातात घेऊन उगाच गाडीचा आरसा पुसत राहिले. लबाडी त्यांना पचली नव्हती, हे दिसत होतं. जेवणही त्या दिवशी अर्धंच झालं.

चूक दुरुस्त करायची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि मध्येच पोरगी चार दिवस माहेरी येते म्हणाली. घरात धांदल उडाली. गाडी शेजारच्यांच्या आवारात नेऊन ठेवायची ठरली. तिच्यावर काकूंनी जुन्या साड्या शिवून केलेली खोळ घातली. काकूंनी सोडा टाकून अंगण घासघासून धुतलं आणि जिथे गाडी उभी असे तिथे एवढी मोठी रांगोळी काढली की दिवाळीतही काढली नसेल. मी साक्षीदार म्हणून हसतमुख राहायचं, एवढंच माझ्याकडे काम होतं.

पोरगी रिक्षातून उतरली. काकू ओवाळायला फाटकात. पोरीने खाली वाकून पाया पडायचं म्हणून मान खाली घातली आणि ती तशीच थांबली. फाटकातून निघून, रस्त्याच्या कडेने, शेजारच्यांच्या आवारापर्यंत थेंब पडलेले होते. काळे, गोल, ताजे. अंगण धुताना रस्त्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने बॅग तिथेच ठेवली आणि थेंबांच्या मागोमाग चालू लागली. आम्ही तिच्या मागोमाग. खोळीचं एक टोक उचलून तिने आत पाहिलं. इतकी वर्षं इंदूरला राहून तिची बोली पार बदलली होती, फोनवर तर ती नेहमी पुस्तकी मराठी बोलायची. पण त्या क्षणी तिच्या तोंडून निघालं, "बाबा! हे तं अजून गयते!"

मला हसू फुटलं, काकूंनाही. पोरगी मात्र हसत नव्हती. ती शेजारच्यांच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुम्हाला गंमत वाटते. तिकडे अवेळी फोन वाजला ना, की मी आधी इकडचा रस्ता डोळ्यांसमोर आणते आणि मग फोन उचलते. तुम्ही खोटं बोललात बाबा."

काका तिच्यासमोर उभे होते. त्यांनी खोळीचं टोक पुन्हा नीट लावलं. शेवटी म्हणाले, "उद्या रविवार हाय. आत्याले भेटाले चाल. मंग तू म्हनशीन तसं करू."

"तारीख नाही द्यायची."

"नाही देत. उद्याच निकाल."

सकाळी आम्ही निघालो. मला काकूंनी मुद्दाम पाठवलं, दोघं वाटेत भांडले तर मधे कुणी असावं म्हणून. भांडायला वेळच मिळाला नाही. वलगावला थांबून पट्टी पाहिली. पुढे एका फाट्यावर थांबून पट्टी पाहिली. दर्यापूरला चहावाल्याने गाडी बघताच न विचारता तीन कप भरले आणि स्वतःच बॉनेट उघडलं. काका गाडी इतकी हळू चालवत होते की एका सायकलवाल्याने आमच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. पोरीचा राग दर थांब्याला थोडा थोडा उतरत होता. तरी ती हट्टाने मोबाइलमध्ये भाड्याच्या गाड्या बघत होती आणि मला दाखवत होती.

अकोटला कोपरा वळलो. आक्का फाटकातच होत्या. उंच, काटक, पांढरं पातळ, हातात पिशवी.

"उशीर केला," त्या म्हणाल्या.

पोरगी धावत उतरली, पाया पडली. "आत्या, ओळखलं का?"

आक्कांनी तिच्याकडे नीट पाहिलं. शाळेतल्या नव्या पोरीकडे बघतात तसं. "कोनत्या वर्गातली?"

पोरीने वळून बापाकडे पाहिलं. काका स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते.

"मी भाची तुमची, आत्या."

"असीन," आक्का म्हणाल्या. "मांगं बस. पुढं माही जागा हाय." आणि भावाला, "चाल रे. ऊन होईन."

जिनिंगचं आवार मोकळं होतं. कुंपणाला कुठे कुठे कापूस चिकटलेला. काकांनी सावकाश एक चक्कर मारली. आक्का खिडकीवर कोपर टेकून बसल्या होत्या आणि वळणाला, आवाज न चढवता, म्हणत होत्या, "क्लच. क्लच सोड आता." भाऊ तसं करत होता. मागे पोरीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने ते पुसलंही नाही. गाडी थांबली तशी ती पुढे वाकली. आपला प्रश्न तिने सोडला नाही. वकिलाची पोरगी होती.

"आत्या, हे गाडी जुनी झाली. इकून टाकाची का?"

"कोनाची गाडी हाय?"

"तुमची."

"मंग?" आक्का म्हणाल्या. "इकाची असती तं मीच इकली असती." मग दार उघडून त्या खाली उतरल्या, वाकून गाडीखाली पाहिलं. मातीत एक थेंब पडला होता, लिंबापेक्षाही लहान. "गयते वाटते."

"गयते आक्का," काका म्हणाले.

"गयते म्हंजे हाय," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसल्या.

हे वाक्य मी काकांचं समजत होते. पोरगीही तेच समजत असावी, कारण तिने बापाकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि मोबाइल पर्समध्ये टाकून दिला.

संध्याकाळी अमरावतीत आल्यावर ती अटी सांगत बसली. मे महिन्यात दुपारी निघायचं नाही. दर्यापूरला पोहोचल्यावर फोन. ऑइलचे डबे दोन. मिस्त्रीने जेवढं बसवता येईल तेवढं बसवून द्यायचं. काकांनी एकही तारीख न मागता सगळं मान्य केलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी पुऱ्या केल्या आणि कुणी कसलंही माप काढलं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी पोरीने स्वतः वाकून इंजिनाखाली पुठ्ठा सरकवला. वाकडा गेला होता. काकांनी तो तसाच राहू दिला.

मी आता पुण्यात असते. काकांना अधूनमधून फोन करते. आक्का आहेत, रविवार चालू आहे, घराच्या रंगाला पुढची तारीख पडली आहे. गेल्या खेपेला आमचं बोलणं चालू असतानाच दुसऱ्या फोनवर इंदूरचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर लावला, मला ऐकू यावा म्हणून. पलीकडे जावई होते. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. त्यांनी एकच विचारलं.

"पापाजी, गयती है ना?"

"गयती हय, जी!" काका अंगणभर ओरडले.

"फिर ठीक है," जावई म्हणाले.